पहिला कोण येणार ते ठरलेलंच आहे

मी इटलीला जाऊन आलो हे घरात, गल्लीत, तालमीत सगळ्यांना माहितीय, पण तिथं काय बघून आलो ते आजपर्यंत नीट कुणाला सांगताच आलं नाही. तोंड उघडलं की पहिला प्रश्न, पिसाचा मनोरा बघितलास काय. नाही बघितला. मग केलंस काय तिथं? बघून आलो ती एका गावची लाकडी खांब खांद्यावर घेऊन डोंगरावर पळत न्यायची शर्यत, म्हणून म्हटलं आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक पाठवायची.

तर विषय असा आहे. आमच्या फाउंड्रीत एक इटालियन कोअर शूटर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे पाडणारं मशीन, आला आणि त्याच्या ट्रेनिंगला दोघांना पाठवायचं ठरलं, मी आणि मेंटेनन्समधला इचलकरंजीचा पाव्हणा. साल २०२४, मे महिना. कारखाना पेरुजा नावाच्या शहराच्या जवळ, म्हणजे इटलीच्या बरोबर मध्यात, उंब्रिया म्हणतात त्या भागाला, समुद्र कुठंच नाही, नुसते डोंगर आणि डोंगरावर गावं. निघायच्या दोनेक आठवडे आधी, २३ एप्रिलला, जोतिबाची चैत्र यात्रा झालेली. गुलाल कानातनं अजून पूर्ण निघाला नव्हता. इटलीला न्यायचा टॉवेल आईनं धुतला तर पाणी गुलाबी, आणि ती म्हणाली राहू दे, देवाचाच आहे, तिकडं पण जाऊ दे.

पहिल्या रविवारी आम्ही फ्लॉरेन्सला गेलो. कोल्हापूरचा माणूस फ्लॉरेन्सला जाऊन आधी म्युझियम बघणार नाही, आधी आपल्या राजाराम महाराजांची छत्री. महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परत येताना १८७० साली तिथंच वारले, ऐन विशीत, आणि आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. आता तिथं मोठी बाग आहे, छत्रीखाली फेटा घातलेला अर्धपुतळा आहे आणि शेजारच्या पुलाचं नावच 'इंडियन'वरून पडलंय. आम्ही नारळ कुठनं आणणार, साधी फुलं ठेवली आणि पाच मिनिटं गप उभारलो. सायकलवरनं जाणारी एक बाई थांबून आमच्याकडं बघत होती. असो, ते वेगळं लिहीन कधीतरी.

आम्हाला मशीन शिकवणारा जो सर्विस इंजिनियर होता त्याला आम्ही आपापसात मिस्त्री म्हणायचो. वय पन्नासच्या आसपास, हात आपल्या उद्यमनगरातल्या टर्नरसारखे, इंग्रजी आमच्याएवढंच म्हणजे कामापुरतं. सोमवारी त्यानं जाहीर केलं, बुधवारी ट्रेनिंग नाही. म्हटलं का? तर म्हणाला १५ मे. एवढंच. जसं काय आपल्याला कळायलाच पाहिजे. आपण नाही का म्हणत, त्या दिवशी पौर्णिमा आहे, आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. मग म्हणाला, मी नाही, माझा भाऊ नाही, आमच्या गावचं कोणच कामाला येणार नाही, तुम्ही पण या.

त्याचं गाव गुब्बिओ. पेरुजापासून चाळीसेक किलोमीटर. गाव म्हणजे खेडं नाही, पण शहर म्हणावं तर तेही नाही, आपल्या पन्हाळ्यासारखं जुनं दगडी, फक्त पठारावर नाही तर इंजिनो नावाच्या डोंगराच्या उतारावर एकावर एक पायरीनं बसलेलं. वर डोंगरावर त्यांच्या देवाचं, म्हणजे संत उबाल्दोचं देऊळ. हा उबाल्दो त्यांचा बिशप होता, ११६० साली १६ मे ला गेला, आणि त्याचा देह अजून वर काचेच्या पेटीत ठेवलाय. त्याच्या तिथीच्या आदल्या दिवशी गावातनं डोंगरावर तीन चेरी पळवत नेतात. चेरी म्हणजे फळ नाही, एक चेरो, अनेक चेरी, शब्दाचा अर्थ मेणबत्ती. पण आता मेणबिण काही नाही. अष्टकोनी लाकडी खांब, एकावर एक दोन मोठे नगारे ठेवल्यासारखा आकार, उंची चार मीटरच्या वर, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, वर टोकाला संताची छोटी मूर्ती आणि खाली धरायला आडव्या दांड्यांचं स्ट्रेचरसारखं लाकूड. पहिल्यावर उबाल्दो, तो गवंड्यांचा, त्यांचे शर्ट पिवळे. दुसऱ्यावर जॉर्ज, तो व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा, निळे. तिसऱ्यावर मठवाला अँथनी, तो शेतकऱ्यांचा, काळे. पांढरी पॅन्ट, कमरेला लाल पट्टा आणि गळ्यात लाल रुमाल सगळ्यांना सारखाच.

आमचा मिस्त्री काळ्या शर्टात. बाप काळा, आजा काळा, आणि तीन वर्षांचं नातवंड बायकोच्या कडेवर, ते पण काळ्याच शर्टात आणि लाल रुमालात, तोंडात चोखणी.

सकाळी साडेअकराला मोठ्या चौकात चेरी उभे करतात. तो चौक म्हणजे एक अजबच प्रकार, उतारावर खालनं कमानी बांधून वर गच्चीसारखा काढलेला, एका बाजूला चौदाव्या शतकातला किल्ल्यासारखा वाडा आणि एका बाजूला कठडा, कठड्यापलीकडं खाली गावाची कौलं. त्यात माणूस इतकं की पाव्हणा म्हणाला आता इथं कुणाला चक्कर आली तरी खाली पडायला जागा नाही. आणि वर वाड्याच्या बुरुजात घंटा. ती ऐकल्यावर माझं अर्धं लक्ष तिकडंच, कारण धंदाच ओतकामाचा. १७६९ ची आहे, जवळजवळ दोन टनाची, आणि दोरीनं नाही वाजवत, माणसं वर तिच्याशेजारी बसून, रेलून, पायानं ढकलून वाजवतात. पायानं! दोन टनाचं कास्टिंग पायानं डोलवतायत आणि आवाज छातीत बसतोय.

आता उभं करणं कसं ते सांगतो, कारण हे मी जवळनं बघितलं. खांब आडवा पडलेला असतो, त्याचं खालचं टोक स्ट्रेचरच्या लाकडात बसवून पाचरी मारलेल्या. प्रत्येक खांबाचा एक म्होरक्या असतो, त्याला म्हणतात कापोदिएची, म्हणजे दहांचा मुखिया. तो त्या स्ट्रेचरवर चढून उभारतो, त्याच्या हातात रंगीत चिनीमातीची सुरई दिलेली, पाण्यानं भरलेली. पाणी तो सांध्यावर ओततो. का ओततो विचारलं तर मिस्त्री म्हणाला तसंच असतं. मला मात्र लगेच बैलगाडीचं चाक आठवलं, लाकूड भिजलं की फुगतं आणि पाचर आवळते, पॅटर्न शॉपमध्ये, जिथं साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथं, पण आम्हाला लाकूड कुठं फुगतंय हाच घोर असतो. ते असेल नसेल. पाणी ओतून झालं की सुरई वर गर्दीत भिरकावली आणि त्याच क्षणी, एक सेकंद पण नाही, तो पावणेतीनशे किलोचा खांब आडव्याचा उभा. मध्ये काहीच नाही. आडवा होता, उभा आहे. तिन्ही एकदम. मी तोंडातनं काय ओरडलो असेन? चांगभलं ओरडलो. पाव्हण्यानं पण ओरडलं. आमच्या पुढचा एक म्हातारा मागं वळून बघायला लागला आणि मग हसून त्यानं पण काहीतरी त्याच्या भाषेत ओरडलं, हिशेब मिटला.

सुरई खाली फुटली की तिचे तुकडे घ्यायला जी झुंबड उडते ती बघून मला दहीहंडी नाही, प्रसादाचं खोबरं आठवलं. लोक अक्षरशः एकमेकांच्या अंगावर. तुकडा घरात असला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. त्या रेटारेटीत माझ्या डाव्या पायातला बूट गेला, परत मिळालाच नाही, पण बोटाच्या पेराएवढा एक तुकडा मिळाला, पिवळा रंग, कडेला निळी रेघ. चप्पल जत्रेत हरवते हे लहानपणापासनं ऐकतोय, बूट हरवलेला मी आमच्या घराण्यात पहिलाच असेन. दिवसभर मिस्त्रीच्या भावाची रबरी स्लीपर घालून फिरलो, एका पायात स्लीपर, एका पायात बूट. कुणी बघितलं पण नाही.

उभे झाले की चौकातल्या झेंड्याच्या खांबाभोवती तिन्ही चेरी तीन फेरे मारतात आणि मग दुपारभर गावात घरोघरी दाखवत फिरवतात. जेवायला मिस्त्रीच्या घरी. उद्या देवाची तिथी म्हणून आज मटण नाही, मासे. मी मनातनं जरा खट्टू, कारण खांद्यावर एवढं वजन घेणारी माणसं म्हटल्यावर तांबड्या-पांढऱ्याची तयारी असणार असं धरून चाललेलो. पण एक गोष्ट जमली. क्रेशा म्हणून भाकरीसारखी जाड रोटी करतात, तव्यावर भाजून. मिस्त्रीची आई, ऐंशीच्या पुढची, ती भाजत होती, आणि कडा बोटानं दाबून दाबून रोटी फिरवत होती, चटका बसला की बोट कानाच्या पाळीला. हुबेहूब माझी आज्जी. आज्जीला जाऊन सहा वर्षं झाली. मी मिस्त्रीच्या आईला म्हटलं आज्जी अजून एक, मराठीत, आणि तिनं दिली.

जेवताना मी तो प्रश्न विचारला जो मला सकाळपासनं टोचत होता. शर्यत शर्यत म्हणताय, मग गेल्या वर्षी जिंकलं कोण? मिस्त्री म्हणाला उबाल्दो. त्याच्या आधी? उबाल्दो. त्याच्याही आधी? उबाल्दोच, शेकडो वर्षं उबाल्दो पहिला, जॉर्ज दुसरा, अँथनी तिसरा, पुढच्याला ओलांडायचं नाही. टेबलावर एक जर्मन पाहुणा होता, तो हसायला लागला, म्हणाला मग ही शर्यत कसली, आणि तू तर तिसरा, तू पळतोस कशाला.

इथं मला एकदम उजेड पडला. अरे हा तर मान आहे! जर्मनाला कळणार नाही, मला लगेच कळलं. जोतिबाला चैत्रात एवढ्या सासनकाठ्या येतात, पण पहिली मानाची कुठली, सातारा जिल्ह्यातली पाडळीची. दुसरी विहे गावची. पुढच्या सगळ्यांचे नंबर ठरलेले. कुणी म्हणतं का की यंदा आम्ही लई जोरात नाचवली म्हणून आम्हाला पहिला नंबर द्या? आमच्या मामाच्या गावची काठी किती मागं आहे ते मी इथं लिहीत नाही, मामा ब्लॉग वाचतो. पण तिच्यासाठी गाव महिनाभर आधीपासनं जागं असतंय, वर्गणी, नवीन कापड, नव्या दोऱ्या, काठीला तेल, आणि मुंबई-पुण्याची पोरं रजा टाकून हजर. नंबर कितवा हा प्रश्नच नसतो. काठी सरळ गेली का, आपल्या माणसांनी तोल सांभाळला का, पालखीला भिडली का, एवढंच. मी हे मिस्त्रीला मोडक्या इंग्रजीत सांगायला लागलो, काटे-चमचे उभे करून दाखवलं, ३५-४० फुटी बांबू, एकानं कमरेच्या पट्ट्यावर पेलायचा, चारी बाजूला दोऱ्या ताणून धरणारे, वर कापड, खाली हलगी, सगळीकडं गुलाल. त्यानं जेवण थांबवलं आणि एकच विचारलं, दोरी धरणारे लोक किती वर्षं तेच असतात? असला प्रश्न खांद्यावर वजन उचललेला माणूसच विचारतोय.

त्यांच्यात तोल हाच सगळा खेळ. एका वेळी खांद्याला मोजकीच माणसं, आणि पळतापळताच बदलायची, थोड्या थोड्या अंतरावर नवीन खांदे शेजारनं पळत येऊन आत शिरतात आणि जुने बाहेर. खांब वाकला तर नामुष्की, गल्लीतल्या भिंतीला घासला तर नामुष्की, पडला तर वर्षभर बोलणी. आणि मागच्यानं पुढच्यापासनं फार अंतर पडू द्यायचं नाही, नाहीतर मागं राहिला म्हणून टोमणे. म्हणजे तिसऱ्यानं तिसरंच राहायचं पण पहिल्याच्या वेगानं. याच्यापेक्षा अवघड शर्यत कुठली?

उबाल्दोची एक गोष्ट पण सांगितली त्यानं. गावाची तटबंदी दुरुस्त करताना गवंड्यांनी बिशपच्या द्राक्षाच्या मळ्यात घुसून नुकसान केलं, हा सांगायला गेला तर मुकादमानं त्याला ढकलून चुन्याच्या ओल्या गाऱ्यात पाडलं. गाव चिडलं, मुकादमाला शिक्षा द्या म्हणालं. आणि यानं त्याला माफ करून सोडून दिलं. त्याच गवंड्यांचा तो आता देव. बार्बारोसा बादशहा ११५५ ला गाव जाळायला आला तेव्हा त्याला समजावून परत पाठवला ही मोठी गोष्ट आहे म्हणे, पण मला चुन्यात पडलेला जास्त आवडला.

सहा वाजता बिशपची मिरवणूक येते, चेरींना आशीर्वाद देते, आणि मग "वीया केक्कोली!" म्हणजे साधारण 'निघाले बघा, आले बघा', आणि सुटतात. मी उताराच्या एका गल्लीत भिंतीला पाठ लावून उभारलेलो. आधी काहीच नाही. मग लांबनं पावलांचा आवाज, हलगीसारखा, पण हलगी नाही, शेकडो बुटांचा दगडावरचा. मग पिवळं, एकदम अंगावर, खांब डोक्याच्या दोन मजले वर डुलतोय, माणसांची तोंडं लाल, शिरा फुगलेल्या, कुणी कुणाकडं बघत नाही. वारा लागतो त्याचा, खोटं नाही. मग निळं. मग काळं, आणि त्यात मिस्त्री, ज्याला मी आठ दिवस हळू बोलणारा, चष्मा पुसत बसणारा माणूस म्हणून ओळखत होतो, तो ओरडत होता, कुणाला शिव्या देत होता का देवाचं नाव घेत होता ते कळलं नाही. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात संपलं. मोबाईल हातात होता, व्हिडिओ सुरू करायचा राहिला.

अंतर चार किलोमीटरच्या थोडं वर आणि चढ तीनेकशे मीटरचा. आमच्या जोतिबाच्या डोंगरावर गायमुखापासनं देवळापर्यंतची चढण जे चालत गेलेत त्यांनी खांद्यावर मशीन घेऊन ती पळत चढायची कल्पना करा. वर देवळाच्या दारात अजून एक गंमत असते, पिवळे आधी आत शिरतात आणि मागं दार लावून घ्यायचा प्रयत्न करतात, निळे दार लागायच्या आत आपल्या खांबाचं टोक घुसवायला बघतात. नंबर ठरलेला, पण दार कुणाच्या तोंडावर लागलं यावर वर्षभर वाद चालतो. म्हणजे भांडायला पण काहीतरी ठेवलेलंच आहे, एवढी शहाणी माणसं.

रात्री संतांच्या मूर्ती मेणबत्त्यांच्या उजेडात गाणी म्हणत खाली गावात आणतात, खांब मात्र वर्षभर वर देवळातच. दुसऱ्या दिवशी आम्ही वर जाऊन ते बघून आलो. वर जायला रोपवे आहे पण त्याला डबा नाही, पोपटाच्या पिंजऱ्यासारखी लोखंडी जाळी, दोन माणसं उभी मावतील एवढी, आणि ती थांबत नाही, चालत्या पिंजऱ्यात उडी मारून चढायचं. पाव्हणा सेफ्टी शूज घालून आलेला, त्यानं आधी केबलचे क्लॅम्प निरखले, मग जोतिबाचं नाव घेतलं, मग उडी मारली. वर तिन्ही खांब भिंतीकडंला शांत उभे. जवळनं लाकडावर जुन्या घासल्याचे ओरखडे दिसतात. मी हात लावला नाही. लावावासा वाटलेला.

खाली त्या वाड्यात ब्राँझचे सात पत्रे आहेत, १४४४ साली मिळालेले, त्यावर इथल्या जुन्या भाषेत पूजा कशी करायची, मिरवणूक कशी काढायची ते कोरलंय. आपल्या ताम्रपटासारखे, फक्त दानपत्र नाही, पूजेची पोथीच. ब्राँझ बघितल्यावर मला आपल्या टाउन हॉल म्युझियममधला रोमन समुद्रदेव आठवला, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला, पंचगंगेच्या काठी. तिकडचा देव आपल्याकडं येऊन दोन हजार वर्षं झाली, आम्ही आपले मशीनच्या निमित्तानं आत्ता पोचतोय.

गुब्बिओच्या लोकांना सगळा उंब्रिया 'मात्ती' म्हणतो. म्हणजे खुळे. आणि त्यांना त्याचा अभिमान! गावात एक कारंजं आहे, त्याला तीन फेरे पळत मारायचे, अंगावर पाणी उडवून घ्यायचं, की तुम्हाला खुळ्याचं सर्टिफिकेट मिळतं, चक्क कागदावर. मिस्त्रीला मी सांगितलं की आमच्या गावात गाडीच्या काचेवर 'नाद खुळा' लिहून फिरतात, कागद लागत नाही. तरी फेरे मारले दोघांनी. सर्टिफिकेट फाउंड्रीत नोटीस बोर्डाला लावलंय, साहेबांनी अजून काढलेलं नाही.

त्यांचं २०२० आणि २०२१ ला काहीच झालं नाही, करोनामुळं. आपलं पण तेच, ती दोन वर्षं डोंगर रिकामा. मिस्त्री म्हणाला त्या १५ मे ला तो सहा वाजता दारात उभा होता, नुसता, बूट घालून. मी काही बोललो नाही. आमचा मामा त्या चैत्री पौर्णिमेला गोठ्यात काठी खाली उतरवून तेल लावत बसलेला, कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा यात्रेत मी मिस्त्रीला व्हिडिओ कॉल लावला. रेंज कुठली मिळतीय त्या गर्दीत, पण यमाईच्या वाटेवर एका कोपऱ्यात लागला. फोन वर धरून काठी दाखवली. चित्र गुलाबी गुलाबीच दिसलं असणार. तो बघत राहिला, बायकोला हाक मारून बोलावलं, नातवाला उचलून दाखवलं. मग विचारलं, तुमची कधी पडली काय?

आता खरं सांगायचं तर पडलीय. मी सतरा वर्षांचा असताना, दोरीला मीच होतो. घामानं दोरी हातातनं निसटली आणि काठी कलली ती थेट एका नारळाच्या दुकानाच्या पत्र्यावर. कुणाला लागलं नाही, पत्र्याचे पैसे भरले, पण मामा माझ्याशी पुढं दोन दिवस बोलला नाही, आणि अजून लग्नाकार्यात कुणीतरी विषय काढतोच.

मी त्याला म्हटलं, नाही, कधीच नाही.

मग मी विचारलं, तुमची?

तर म्हणतो आवाज येत नाही.